लिनक्स टाकलं पण वायफायचं डोंगल दिसत नाही, आणि कन्नड-मराठी फाइली सगळ्या बिघडल्या

खानापूर_झेरॉक्स:
नमस्कार मंडळी, खानापुरात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. पीसी सहाव्या जनरेशनच्या जुन्या प्रोसेसरचा, ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ला हा प्रोसेसर चालत नाही म्हणून आलं. मशीन अजून ठणठणीत आहे हो, टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून परवा रात्री विंडोज तसंच ठेवून बाजूला लिनक्स मिंट 22 ही फुकटातली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मध्येच दोनदा करंट गेला, तिसऱ्यांदा झालं. आता वायफायचं डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा तुकडा) लावलं की नेटवर्कमध्ये काहीच येत नाही, उलट सीडीचं चित्र येतंय, आणि माझ्या मशीनला सीडी ड्राइव्हच नाही. डी ड्राइव्हच्या फाइली उघडतात पण सेव्ह होत नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे नुडीतले (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) कन्नड अर्ज आणि जुन्या मराठी लग्नपत्रिका उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. लोक जांबोटी, कणकुंबीहून बस धरून अर्ज टाइप करायला येतात, त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटतंय. कोणीतरी सांगा.

टिळकवाडी_पेंग्विन:
घाबरू नका काका. ते सीडीचं चित्र म्हणजे तुमचं डोंगलच आहे. कंपन्या विंडोजचा ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) डोंगलमध्येच भरून देतात, त्यामुळे लावल्यावर ते आधी सीडी म्हणून ओळख देतं. त्या चित्रावर राइट क्लिक करून इजेक्ट करा, डोंगल काढायचं नाही, दहा सेकंद थांबा आणि मग टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) lsusb टाकून बघा, ही कमांड जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवते, नाव बदललेलं दिसेल. तोवर नेट पाहिजे तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट पीसीला देणं) चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.
डी ड्राइव्हचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि त्या ड्राइव्हवर कुलूप राहतं. विंडोजमध्ये जाऊन पॉवर ऑप्शनमधनं ते बंद करा आणि एकदा पूर्ण शटडाउन करा. लिनक्समधनं तो ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट (जोडून उघडणं) करू नका, डेटा जाईल.

निपाणी_टायपिस्ट:
फाइली बिघडलेल्या नाहीत, तेवढं आधी मनातनं काढा. नुडी काय किंवा जुने मराठी डीटीपीचे फॉन्ट काय, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागेवरच आपली अक्षरं बसवलेली असतात, फॉन्ट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधनं ते टीटीएफ, म्हणजे फॉन्टच्या फाइली, कॉपी करून होम फोल्डरमधल्या डॉट-फॉन्ट्स (.fonts) या फोल्डरमध्ये टाका, लिबरऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) बंद करून परत उघडा, अक्षरं येतील. ओळी थोड्या सरकतील, पत्रिका असेल तर प्रिंटआधी एकदा नीट बघा.
नवीन टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करा, त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा कोड असतो, ठराविक फॉन्टवर अडत नाही. कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट (कोणत्या बटणावर कोणतं अक्षर) जोडताना मराठी कगप आणि कन्नड कगप असे दोन्ही सापडतात. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, त्यांचाच लेआउट मराठीलाही दिलाय, त्यामुळे दोन्ही भाषांना क एकाच बटणावर येतो. मी दिवसभर असंच दोन्ही टाइप करतो, आपल्या भागातल्या माणसाला याच्यापेक्षा सोयीचं काही नाही.

खानापूर_झेरॉक्स:
फॉन्ट आले! नुडीचा अर्ज जसाच्या तसा दिसला, डोळ्यात पाणी आलं खरंच. डी ड्राइव्ह पण चालू. डोंगल इजेक्ट केल्यावर नाव बदललं पण वायफाय नाही, मग टेदरिंग लावून गावातल्या एका पोराने लिनक्सचा ड्रायव्हर बिल्ड (सोर्सकोडमधनं तयार) करून दिला, आता "की रिजेक्टेड" म्हणून एरर येतोय. रिस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन आलेली, मी चहा आणायला गेलेलो.

टिळकवाडी_पेंग्विन:
तीच स्क्रीन महत्त्वाची होती काका. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असलं की बाहेरनं बिल्ड केलेल्या ड्रायव्हरवर सही लागते, आणि ती सही तुम्हीच त्या निळ्या स्क्रीनवर मान्य करायची असते. दहा सेकंदात बटण दाबलं नाही तर ती निघून जाते. आता टर्मिनलवर sudo update-secureboot-policy --enroll-key असं चालवा, एक साधा पासवर्ड द्या, कागदावर लिहून ठेवा. रिस्टार्ट करून समोरच बसा, निळ्या स्क्रीनवर एन्रोल मॉक (म्हणजे तुमची सही मान्य करणं), कंटिन्यू, येस, तोच पासवर्ड.

खानापूर_झेरॉक्स:
झालं!! वायफाय लागलं, हे त्याच्यावरनंच लिहितोय. सकाळी नंदगडची एक मावशी अर्जासाठी परत येणार आहे, तिचा आधी करतो.