लेकराले उचलताना अंगठ्याकडून मनगट ठणकते, कोणाले झालं का असं?

परातवाली_माय (कारंजाच्या आत गाव आहे, जि. वाशिम)

नमस्कार सगळ्यायले. पोरगी पाचव्या महिन्यात आहे, गुटगुटीत आहे, अंगणवाडीत वजन साडेसहा किलो भरलं. तिचं सगळं बरं आहे पण माह्या उजव्या हाताचं मनगट अंगठ्याच्या बाजूनं असं ठणकून रायलं का काही विचारू नका. आधी वाटलं झोपेत हात दबला असन. आता तिले खाटेवरून उचलाले गेली का अंगठ्याच्या मुळापासून कोपराकडं कळ जाते, परवा तं हातातून सुटते का काय असं झालं, तवापासून एकटीनं उचलाचं भेवच वाटते. लंगोट पिळणं, कणीक मळणं, कुकरचं झाकण, सांडशीनं दुधाचा गंज उतरवणं, सगळ्यात दुखते. भाकर थापता येते पण तव्यावर उलटवता येत नाही. अंगठ्याखाली हाडाजवळ सूज पण आहे, दाबलं का जीव जाते.

सासूबाई म्हणते बाळंतपणात थंड्या पाण्यात हात घातला म्हणून वात शिरला, म्हणून रोज शेक चालू आहे. गावात एक बुवा लचक उतरवते, त्यानं तेल लावून अंगठा ओढून दिला, त्या रात्री झोपच नाही लागली. मेडिकलवाल्यानं गोळ्या आणि मनगटाचा पट्टा दिला, पट्टा लावून काही फरक नाही आणि गोळी घेतली नाही कारण पोरगी अंगावर पिते. सोयाबीन निघालं, आता कापूस वेचाचा टाइम, घरात कामाले माणूस नाही, मी हात धरून बसली तं बाया म्हणतात एका लेकरात एवढं काय, आम्ही पाच पाच काढले. मले एवढंच विचाराचं का हे आपोआप जाते का, कोणती गोळी चालते, आणि जाईपर्यंत पोरीले उचलू कशी?

---

अकोटची_सून

बाई तू माहीच कहाणी लिहिली. माह्या पोराच्या टाइमाले दोन्ही हाताले झालं होतं, डावा जास्त. आमच्याकडे पण वातच म्हणत होते. हाडाच्या डॉक्टरनं नुसतं बघून सांगितलं, डी क्वेर्वेन म्हणतात त्याले. नाव ऐकून मले वाटलं काहीतरी भयंकर निघालं पण तो म्हणे हे नवीन आयांयले लय कॉमन आहे.

तू घरीच बघ, अंगठा मुठीत घाल, त्याच्यावर चार बोटं मिट आणि मूठ हळूच करंगळीकडं वाकव. अंगठ्याच्या बाजूनं जोरात कळ आली तं बहुतेक हेच. पण एकदाच कर, हळू कर, मी येणाऱ्या जाणाऱ्याले करून दाखवत होती आणि दुखणं वाढवून घेत होती.

आणि तो पट्टा फेक बरं. मेडिकलमंधी देतात तो नुसत्या मनगटाचा असते, अंगठा मोकळाच रायते. दुखते अंगठ्याची शीर आणि बांधतो आपण मनगट, काय उपयोग. अंगठा पण आत बसन असा पट्टा पाहिजे, थंब स्पायका म्हणून माग, उजव्या हाताचा सांग.

---

फिजिओ_अमरावती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेड्यातल्या बायका या दुखण्यासाठी माझ्याकडे नेहमी येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. तपासल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही पण लक्षणं तशीच वाटतायत.

अंगठा बाहेर आणि वर उचलणाऱ्या दोन शिरा (खरं तर स्नायूंच्या दोऱ्या, टेंडन) मनगटाच्या कडेनं एका अरुंद नळीतून जातात. ती नळी जाड झाली की शिरा आत अडकत सरकतात, पायजम्याच्या नेफ्यात सुजलेली नाडी ओढल्यासारखं. फ्रिट्झ डी क्वेर्वेन नावाच्या स्विस सर्जननं १८९५ मध्ये हे दुखणं लिहून ठेवलं, म्हणून ते नाव. बाळंतपणानंतर हार्मोन बदलतात, अंगात पाणी धरतं, हे एक कारण मानतात, आणि दुसरं म्हणजे बाळ उचलायची आपली पद्धत. दोन्ही अंगठे वर ताणून बाळाच्या बगलेत घालायचे आणि मनगट वाकवून उचलायचं, दिवसात किती वेळा ते मोजतच नाही कोणी. त्यात बाळ पाच महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं, मनगट मात्र तेच. थंड पाण्याचा संबंध नाही.

उचलण्याबद्दल विचारलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, औषध नंतर. बगलेत हात घालून उचलणं आजपासून बंद. खाटेजवळ खाली बसा, वाकून लांबून उचलू नका. बाळाला आधी हलकेच कुशीवर करा, एक हात ढुंगणाखालून आणि दुसरा मान-पाठीखालून सरकवा, तळवे वर, अंगठा बोटांना चिकटलेला, मनगट सरळ. मग छातीशी ओढून घ्या आणि उठताना जोर पायांचा लावा. वजन कोपरापासूनच्या हातावर आलं पाहिजे, पंज्यावर नाही. पाजताना सुद्धा बघा, बहुतेक आया बाळाचं डोकं तळहातावर तोलून धरतात आणि मनगट पूर्ण वेळ वाकलेलं असतं. मांडीवर गोधडीच्या दोन घड्या ठेवा, डोकं कोपराच्या खोबणीत येऊ द्या. आडवं होऊन कुशीवर पाजलं तर हाताला पूर्ण सुट्टी. आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं मोबाइल धरून अंगठ्यानं वर खाली करत असाल तर ते पण थांबवा, रागावू नका पण निम्म्या पेशंटचं तेच असतं.

शेक आत्ता सूज असताना नको. फ्रिजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन तीनदा. फ्रिज नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, अगदी बर्फासारखं काम होत नाही पण आराम पडतो. बुवाकडून अंगठा ओढून घेणं पुन्हा करू नका, सुजलेली शीर ओढून बरी होत नाही. पट्टा साधारण तीन ते सहा आठवडे, आंघोळीला आणि हात धुवायला काढायचा. एक्स-रे सहसा लागत नाही, मार लागला असेल किंवा डॉक्टरला दुसरी काही शंका असेल तरच.

---

गोधडीवाली_आजी

मी जरा वेगळं सांगते, रागावू नका फिजिओ ताई. शेक शेक म्हणून सगळं मोडीत काढू नका. बाळंतिणीच्या कमरेले शेक चांगलाच लागते, आमच्या वेळी बाजेखाली गोवऱ्याचा शेक देत, आता धूर नको म्हणतात ते मले पण पटते. पण मनगटाले सूज असली तं गार पाणीच बरं, हे माहा नातवाच्या वेळी सुनेवरून पाहिलं म्हणून सांगतो.

आता तुह्या कामाचं. लंगोट पिळूच नको. खंगाळून तशीच वलनीवर टाक, खाली पाणी निथळते, ऊन काय कमी आहे का आपल्याकडं. लयच वाटलं तं स्वच्छ पोत्यावर ठेवून पायानं दाब. न्हाऊ घालाचं काम तं बिलकुल दुसऱ्याले दे, तेल लावलेलं लेकरू पायावरून उचलणं म्हणजे निसटत्या लेकराले अंगठ्यानंच आवळून धरणं आलं. झोयीची दोरी हातानं ओढत बसतात बाया, पायाच्या अंगठ्याले बांध आणि पाय हलव. गुंड भरून कमरेवर आणणं बंद, अर्धी बादली डाव्या हातानं आण.

आणि पाच पाच काढणाऱ्या बाया काय म्हणतात ते आयकू नको. त्यायचे बी हात दुखत होते, घरात लेकरू घ्याले नणंदा जावा होत्या आणि कोणी विचारत नव्हतं म्हणून सांगत नव्हत्या एवढंच.

---

पराटी_आणि_तूर

माणूस आहो, बायकोचा हाच प्रॉब्लेम झाला म्हणून लिहून रायलो. ताई तुमच्या घरच्याईले हा धागा वाचाले द्या. आमच्याकडं डॉक्टरनं मलेच समोर बसवून सांगितलं का औषध पंचवीस टक्के आणि बाकी तुम्ही, ती टक्केवारी त्यानं मनानंच काढली असन पण म्हणणं खरं निघालं. सकाळची आंघोळ घालणं मी घेतलं, पयले भेव वाटे पण येते, पाण्यात कोपर घालून पाहाचं बस. कणीक मी मळतो हे गावात कोणाले सांगत नाही 😄

वेचणीचं म्हणसान तं बोंडातून कापूस अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीनंच निघते, दिवसभर तेच तेच. त्या हातानं वेचाले पाठवणं म्हणजे दुखणं पुढच्या पेरणीपर्यंत ठेवणं. मजूर महाग आहे हे मले पण माहीत आहे, तरी पण.

सरकारी दवाखान्याचं सांगतो, १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यात, म्हणजे पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय इथं चिठ्ठी तपासणी फुकट आहे. आशा ताईले विचारा हाडाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, नाही तं फुकटची चक्कर होते.

---

परातवाली_माय

सगळ्यायचे लय आभार. मूठ मिटून पाहिली, डोळ्यातून पाणीच आलं, म्हणजे हेच आहे. कुशीवर करून उचलाचं सकाळपासून करून रायली, अवघड जाते कारण पोरगी लगेच पालथी पडाले पाहते, पण कळ कमी येते हे खरं. सासूबाईले आजीचं वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत पण शेकाची शेगडी आज पेटली नाही.

गोळीचं राहिलं. आणि अकोटची ताई, तुले इंजेक्शन द्या लागलं का? इथं एक जण म्हणे स्टिरॉइडचं असते, दूध आटते. दुसरं म्हणजे रात्री कधी कधी बोटाले मुंग्या येतात, ते पण यातच धराचं का?

---

अकोटची_सून

डाव्या हाताले घेतलं, उजवा पट्ट्यानंच बरा झाला. टोचताना दुखते, त्या रात्री जरा जास्तच ठणकलं, मग उतरत गेलं. दूध आटलं नाही माहं, पण प्रत्येकीचं वेगळं असू शकते, म्हणून डॉक्टरले पहिलं वाक्य हेच सांगाचं का मी पाजते.

---

फिजिओ_अमरावती

मुंग्या कोणत्या बोटांना येतात ते नीट बघा. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, रात्री झोपेतून उठून हात झटकावा वाटतो, तर ते कार्पल टनल, म्हणजे मनगटात नस दबणं, हे दुखणं वेगळं आहे. बाळंतपणाच्या आसपास तेही होतं आणि दोन्ही एकत्र पण असू शकतात. झोपताना मनगट सरळ राहील असं बांधून ठेवलं की बऱ्याच जणींना फरक पडतो. थायरॉइडची तपासणी करून घ्यायला सांगा, थायरॉइड कमी असलं तरी कार्पल टनल होतो आणि बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं काही दुर्मिळ नाही.

गोळीचं: पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालते. आयब्युप्रोफेन दुधात अगदी थोडी उतरते, म्हणून डॉक्टर ती पण देतात, पण जेवल्यावर, आणि अल्सर, किडनी, दमा असं काही असेल तर ती नको. डोस डॉक्टरकडूनच घ्या, मेडिकलच्या काउंटरवरची मिक्स गोळी घेऊ नका. मलम लावत असाल तर लक्षात ठेवा, पाच महिन्यांचं बाळ हाती लागेल ते तोंडात घालतं, तुमचं मनगट पण चोखेल. लावून झाल्यावर बोटं धुवा आणि त्या हाताला पट्टा किंवा फडकं असू द्या.

इंजेक्शन त्या नळीत देतात, बहुतेकींना एक-दोनमध्ये आराम पडतो. दूध काही दिवस कमी झाल्याचं क्वचित ऐकायला येतं, पाजणं बंद करायला मात्र सहसा सांगत नाहीत. शुगर असेल तर काही दिवस वाढते, टोचल्या जागी कातडी फिकी पडू शकते, हे आधी माहीत असलेलं बरं. ऑपरेशन फारच थोड्या जणींना लागतं, तेही हात बधिर करून छोटंसं. बऱ्याच जणींचं बाळ मोठं होऊन उचलणं कमी झालं की सुटतं, पण तोपर्यंत सोसत बसू नका.

ताप आला, जागा लाल गरम झाली, किंवा सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहत असतील तर वाट बघायची नाही. संधिवाताची सुरुवात कधी कधी बाळंतपणानंतरच होते, ते रक्त तपासून कळतं.

---

परातवाली_माय

मुंग्या अंगठ्याले अन् मधल्या बोटाले येतात, करंगळीले नाही. म्हणजे थायरॉइडचं पण विचारीन. आशा ताईले फोन केला, हाडाचे डॉक्टर गुरुवारी असतात म्हणे, यायले म्हटलं गुरुवारी वावरात जाऊ नका, गाडीवर मागं बसून मी पोरीले एका हातानं धरू शकत नाही. एक शेवटचं, पट्टा घालून कणीक मळता येते का?

---

गोधडीवाली_आजी

नाही वो माय. पट्टा खराब होते आणि हात पण. पराटीवाल्या भाऊले विचार तो कशी मळते ते.

---

पराटी_आणि_तूर

पाणी जरा जास्त, दहा मिनिटं झाकून ठेवाची, मग मुठीनं दाबाची, अंगठा बाहेर. पोळ्या नकाशासारख्या होतात, खाल्ल्या जातात.