मदत हवी आहे: क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यावर सॅलरी कॅपचा हिशेब कसा होतो?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही वर्षांपासून उत्तर व्हर्जिनियात राहतो. माझ्या मुलीने शाळेतील अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) सॅलरी कॅपचा, म्हणजे एका वर्षात संघाने खेळाडूंच्या मानधनावर किती खर्च करावा यावर लीगने घातलेल्या मर्यादेचा, विषय घेतला आहे. उदाहरण म्हणून तिने वॉशिंग्टनच्या संघाचा तेव्हाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, ॲलेक्स स्मिथ निवडला. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस असल्याने तिच्या तक्त्यातील एका आकड्यापाशी माझीच गाडी अडली आहे.

१८ नोव्हेंबर २०१८ रोजी ह्यूस्टनविरुद्ध खेळताना स्मिथच्या उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. पुढे जंतुसंसर्ग होऊन पाय वाचतो की नाही अशी वेळ आली आणि एकूण १७ शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. २०१९ च्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही. तरीसुद्धा त्या वर्षीच्या १८ कोटी ८२ लाख डॉलरच्या मर्यादेत त्याच्या नावावर सुमारे २ कोटी ४ लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ ११ टक्के रक्कम धरलेली दिसते.

आयपीएलमध्ये जायबंदी खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो आणि त्याचे मानधन मूळ खेळाडूपेक्षा जास्त नसावे अशी अट असते. तशी काही सोय येथे नाही का? जो खेळाडू वर्षभर मैदानात उतरणार नाही हे उघड आहे, त्याची रक्कम मर्यादेबाहेर का ठेवत नाहीत, आणि ठेवत नसतील तर वॉशिंग्टनने त्याला करारमुक्त का केले नाही? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रतिसाद १

आपला पहिला प्रश्न अनेकांना पडतो. एनएफएलची मर्यादा खरोखरच ओलांडता न येणारी आहे, आणि खेळाडूला इंजर्ड रिझर्व्ह या यादीत टाकले की त्याची संघातली जागा मोकळी होते, हिशेबातली होत नाही. बदली खेळाडू जरूर घेता येतो, परंतु त्याचे मानधन त्याच मर्यादेत, वरून भरावे लागते. वॉशिंग्टनला याचा अनुभव लगेच आला. स्मिथनंतर उभा राहिलेला कोल्ट मॅकॉय डिसेंबरमध्ये पाय मोडून बसला, मग मार्क सँचेझ आणि शेवटी जॉश जॉन्सन यांच्यावर वेळ मारून न्यावी लागली. दुखापतीच्या दिवशी ६ विजय आणि ३ पराभव अशा स्थितीत असलेला संघ ७ विजय आणि ९ पराभवांवर थांबला.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी २ कोटी ४ लाखांची फोड करावी लागेल, कारण त्यात दोन अगदी वेगळ्या जातीच्या रकमा आहेत. करारावर सही करताना स्मिथला २ कोटी ७० लाख डॉलरचा साइनिंग बोनस मिळाला होता. हे पैसे खेळाडूच्या हाती सुरुवातीलाच पडतात, पण हिशेबात ते जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटता येतात. म्हणून दर वर्षी ५४ लाख. उरलेले दीड कोटी हे २०१९ चे मूळ वेतन, आणि ते सही करतानाच पूर्णपणे हमी दिलेले होते. शिवाय २०२० चे १ कोटी ६० लाखांचे वेतन दुखापतीच्या हमीखाली होते, म्हणजे वैद्यकीय तपासणीत तो अपात्र ठरला तरी ते देणे संघाला भाग होते.

समजा वॉशिंग्टनने २०१९ च्या आरंभी त्याला सोडले असते. बोनसचे उरलेले चार हप्ते, म्हणजे २ कोटी १६ लाख, एकदम अंगावर आले असते, आणि त्यात हमीची दोन वर्षांची वेतने मिळवली की बेरीज ५ कोटी २६ लाखांवर जाते. न खेळणाऱ्या खेळाडूसाठी २ कोटी मोजणे अप्रिय असले तरी साडेपाच कोटींच्या जवळ जाण्यापेक्षा ते परवडते. १ जूननंतर सोडल्यास बोनसचे पुढचे हप्ते पुढील वर्षावर ढकलता येतात, पण त्यामुळे बेरीज कमी होत नाही, फक्त विभागली जाते. स्मिथलाही निवृत्त होण्याचे कारण नव्हते, कारण निवृत्ती म्हणजे हमीवर पाणी सोडणे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. म्हणजे दुखापतीमुळे नवा खर्च निर्माण झालाच नाही, आधी कबूल केलेल्या खर्चाच्या बदल्यात मिळणारा खेळ तेवढा गेला, असे मी समजलो तर बरोबर होईल का? आणि विमा उतरवून काही भरपाई मिळते का?

प्रतिसाद २

बहुतांशी बरोबर, फक्त बदली क्वार्टरबॅकचा खर्च विसरू नका. त्या खर्चाच्या मर्यादेमुळेच संघाला स्वस्त पर्याय शोधावा लागतो. वॉशिंग्टनने २०१९ मध्ये डेन्व्हरकडून केस कीनम आणला, तोही त्याच्या मानधनाचा काही भाग डेन्व्हरने उचलल्यावर, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवोदित खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, पंधराव्या क्रमांकावर ड्वेन हॅस्किन्स निवडला. नवोदितांचे करार ड्राफ्टच्या क्रमांकानुसार बांधलेले असतात, त्यामुळे महागड्या क्वार्टरबॅकच्या शेजारी असा तरुण ठेवणे शक्य होते.

विमा संघ स्वतःच्या खर्चाने उतरवू शकतो, आणि विमा कंपनीकडून वेतनाची भरपाई मिळाली तर त्या प्रमाणात मर्यादेत सूट मिळते. मात्र हप्ता बराच असतो, आणि वय वाढलेल्या किंवा पूर्वी दुखापत झालेल्या खेळाडूसाठी तो आणखी चढतो.

मुलीच्या प्रकल्पात तुलनेसाठी न्यू यॉर्क जेट्सचा ॲरन रॉजर्स घेता येईल. ११ सप्टेंबर २०२३ रोजी अवघ्या चौथ्या स्नॅपला, म्हणजे चौथ्याच चालीत, त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. त्या वर्षी मर्यादेत त्याची नोंद एक कोटीच्याही खाली होती, कारण रक्कम पुढच्या वर्षांवर टाकली होती. त्यामुळे दुखापतीच्या वर्षी हिशेब सुसह्य दिसला. २०२५ मध्ये जेट्सनी त्याला सोडले तेव्हा ४ कोटी ९० लाखांचा डेड मनी, म्हणजे संघात नसलेल्या खेळाडूच्या नावावरची रक्कम, उभा राहिला, आणि तो २०२५ व २०२६ या दोन वर्षांत वाटावा लागला. स्मिथचे ओझे दुखापतीनंतरच्याच वर्षी दिसले, रॉजर्सचे तो गेल्यावर. तक्ता करताना एकाच वर्षाचा रकाना न ठेवता कराराची सर्व वर्षे शेजारी मांडावीत, म्हणजे हा फरक तिला आपोआप दिसेल.

धागाकर्ता

तक्ता तसाच करायला सांगतो. स्मिथच्या रकान्यात २०२० ची नोंद आता तिने स्वतःच केली: १ कोटी ६० लाख अधिक ५४ लाख, एकूण २ कोटी १४ लाख. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला तो रॅम्सविरुद्ध पुन्हा मैदानात उतरला, हे तिने शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.