जुनी जीप अंगणात खोलावी की गॅरेजला न्यावी?

घाटावरचा_डबा

माझी ९४ची महिंद्राची जीप, एमएम ५४०, प्युजोचं २११२ सीसीचं इंजिन. गेल्या पावसाळ्यात बाईसाहेबांनी नवा नखरा सुरू केला. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी रडकुंडीला आली की कशीबशी उठायची, पांढरा धूर ओकायची, दोन मिनिटं अडखळायची आणि मग दिवसभर शहाण्यासारखी चालायची. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "पंप गेला." इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा तो पंप उतरवणं, कॅलिब्रेशन, नोझल (डिझेलचा फवारा मारणारी तोंडं) मिळून अठरा हजार. दुसऱ्याने थंड इंजिन तापवणारे चारही हीटर प्लग बदलले. पैसे गेले, सकाळची रड तशीच.

मग एका शनिवारी मीच हात घातला. डिझेलचा कॅन बॉनेटच्या उंचीला टांगला. टाकीकडून येणारा पाइप लिफ्ट पंपापाशी (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) सोडवून त्या जागी कॅनची पारदर्शक नळी जोडली आणि हातपंप मारून हवा काढली. गाडी तशीच रात्रभर ठेवली. रविवारी सकाळी हीटर दिला, अर्ध्या सेल्फमध्ये चालू! म्हणजे पंप ठणठणीत, नोझल ठणठणीत, दुखणं टाकी ते लिफ्ट पंप एवढ्याच वाटेत. चाचपत गेलो तर रबरी नळीला क्लिपच्या खाली केसाएवढी चीर. ही ओढीची बाजू. इथे डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. रात्री डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी पंपाच्या तोंडी नुसती हवा. खाली जमीन कोरडीठाक, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. नळी आणि दोन क्लिपा, १४० रुपये.

माझं म्हणणं असं की जुनी फोर बाय फोर पाळणाऱ्याने निदान तरी घरीच करावं. या गाड्यांना ना सेन्सर, ना स्कॅनर. डिझेल, हवा, वीज यांतलं काय कुठे अडलंय हे शोधायला डोळे आणि हात पुरतात. गॅरेजला जायचं ते काम सांगायला, "बघा जरा काय झालंय" म्हणायला नव्हे. पटतंय का?

माडाखाली

+१. आमच्या मालवणाकडे खारा वारा, त्यामुळे विजेची दुखणी जास्त. माझा सेल्फ कण्हायचा. इलेक्ट्रिशियनने आधी नवीन बॅटरी गळ्यात मारली, मग सेल्फचं वाइंडिंग नव्याने भरून दिलं. कण्हणं चालूच. शेवटी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरली आणि मुलाला म्हटलं, मार सेल्फ. काटा १.८ व्होल्टवर. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. चासी ते इंजिन अर्थिंगची पट्टी बोल्टखाली हिरवी होऊन बसली होती. पॉलिश पेपरने घासली, जरा ग्रीस लावलं. खर्च शून्य, बॅटरीचे पैसे अक्कलखाती.

थंडगार_एसी

मुळात ठेवता कशाला हे धूड? पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या पुनर्नोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५००० झाली. विका आणि सुटा.

घाटावरचा_डबा

एसीसाहेब, धाग्याचा विषय वाचून या.

गॅरेजचा_पोरगा

एक बाजू झाली, आता दुसरी ऐका. वडलांचं कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेज, मी तिथंच पाने पुसत मोठा झालो. डबा साहेब, कॅन टांगायला आणि सकाळची वाट बघायला तुमचा किती वेळ गेला? शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार धरूया. हेच आमच्या दारात झालं असतं, दोन दिवस गाडी ठेवून घेऊन आम्ही १४० रुपयांची नळी बदलली असती आणि "शोधायचे पंधराशे द्या" म्हटलं असतं, तर दिले असते का? खरं सांगा. तुम्ही नळीच्या भावावरून हुज्जत घातली असती.

पंपाचे अठरा हजार मात्र माणूस मुकाट्यानं देतो, कारण काहीतरी उतरलं, काहीतरी बसलं, जुना माल पिशवीत घरी आला. डोकं चालवायचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. मग फिटर डोकं चालवायचं सोडतो आणि पार्ट बदलत सुटतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण सवय कुणी लावली?

आणि घरी खोललेल्या गाड्या आमच्याकडं येतात त्या अशा: गिअर पोत्यात, उरलेले नट खिशात, शाफ्टच्या जॉइंट क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया अर्ध्या मातीत सांडलेल्या. वर म्हणायचं, "तेवढं जोडून द्या फक्त." फक्त हा शब्द कानावर पडला की वडील हात पुसून चहाला जातात.

पाटा_तुटला

निदानाबद्दल माझं काही म्हणणं नाही, घरी खोलण्याची मात्र धास्ती बसलीय. आमची जीप सीजे ३बी, बाबांच्या काळातली. अंगणाला जरासा उतार. मागचं डावं चाक काढायचं म्हणून हँडब्रेक ओढला, जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं आणि गाडी सावकाश चालायला लागली! त्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. ट्रान्सफर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागे ड्रम असतो, तो मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरतं, डिफरन्शियल (दोन चाकांमधली गिअरची पेटी) फिरू देतं, आणि जमिनीवरचं चाक आपल्या वाटेने मोकळं. शाफ्ट जागेवर, जीप तुळशीवृंदावनावर. मी बाजूला उभा होतो म्हणून पाय शाबूत. वृंदावनाच्या कोपऱ्यावरून आईने वर्षभर ऐकवलं, ते वेगळं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी व्हिडिओ पाच-सहा तरी पाहिले होते. ब्रेकचंही तेच. त्या जीपला ब्रेक ऑइलचं सर्किट एकच. एका चाकाचा सिलिंडर नीट बसला नाही तर चारही चाकांचा ब्रेक जातो. डिझेलच्या नळीत चूक झाली तर गाडी दारात बंद पडेल. ब्रेकमधली चूक कळते ती घाटात.

गॅरेजचा_पोरगा

पाटा दादा, अशा वेळी फोर व्हील टाकून ठेवायची. हब लॉक (पुढचं चाक एक्सलला जोडणारी कळ) असले तर पुढची चाकंही शाफ्टला बांधली जातात. तरीपण आमच्याकडं दगड आधी, जॅक नंतर. आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरलेला पोरगा दिसला तर वडील पान्हा फेकून मारतात.

जिप्सीवाली

माझा मुद्दा थोडा वेगळा. गॅरेजमध्ये गाडी मी नेते, उत्तर माझ्या नवऱ्याला मिळतं. त्याला गाडीतलं गाण्यांचं बटण माहीत, बस्स.

माझी जिप्सी किंग साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथर कापायचं. दोनदा अलाइनमेंट, एकदा टायर बदल, मग "मॅडम, जिप्सी अशीच असते." घरी पुढचं उजवं चाक उचललं (दगड लावून, हो!), वर-खाली धरून हलवलं, खटखट. मुलीला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ). तसाच राहिला. कागदावर लिहिलं: "पुढे उजवीकडे, ब्रेक दाबूनही खेळ, किंगपिन बेअरिंग बघा." फिटरने कागद दोनदा वाचला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायला लागला. खोललं त्यानेच, ते बेअरिंग किती आवळायचं हे हाताच्या सवयीचं काम आहे, ती माझ्याकडे नाही.

पोरगा म्हणतो ते मात्र लागलं. पुढच्या वेळी मी विचारलं, "नुसतं तपासायचे किती?" तो इतका गोंधळला की आधी काही नको म्हणाला, मग दोनशे. मी पाचशे ठेवले.

घाटावरचा_डबा

पोरगा, टोचलं. पंधराशे दिले नसते, खरंय. पण एक गोष्ट सोडणार नाही. बॉनेट न उघडता अठरा हजार सांगणं ही गिऱ्हाइकाने लावलेली सवय नव्हे. डॉक्टरसुद्धा नाडी बघतो, मग टेस्ट लिहून देतो.

पाटा, ब्रेकपुरतं तुमचं मान्य. हँडब्रेकचं वाचून मी आत्ता बाहेर जाऊन माझ्या जीपखाली टॉर्च मारून आलो. बायको विचारतेय, रात्री अकराला कसली पूजा.

पोरगा, आता कामाचं. लो (हळू, ताकदीचा गिअर) टाकून उतार उतरताना ट्रान्सफर केसचा लिव्हर निसटतो, दर वेळी नाही, इंजिनचा ब्रेक लागला की. उद्यमनगरला येतो. शोधायचे पंधराशे आधी हातात.

गॅरेजचा_पोरगा

या की. गुरुवार सोडून कधीपण. वडील विचारतायत, तो आधी कुणी खोललाय का?

घाटावरचा_डबा

वरचं झाकण काढून बघितलं होतं. फक्त.