विषय : आबेसची भिंत आणि संध्याकाळची वेळ

सहल समितीस स.न.वि.वि.

मंगळवारच्या कार्यक्रमपत्रिकेत पॅरिसच्या मोंमार्त्र भागातील, अनेक भाषांत प्रेमाची कबुली लिहिलेल्या ‘प्रेमाच्या भिंती’साठी संध्याकाळी साडेपाच ते सहा असा अर्धा तास ठेवला आहे, तो सकाळी घ्यावा, ही विनंती. भिंत आबेस चौकालगतच्या झां रिक्त्यूस या लहानशा बागेत आहे. बागेचे फाटक संध्याकाळी बंद होते, ती वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आणि आपण जाणार दिवाळीच्या सुट्टीत. प्रवेश विनामूल्य असला तरी फाटकाबाहेरून काय पाहणार? शिवाय आबेस हे पॅरिस मेट्रोच्या अतिशय खोल स्थानकांपैकी एक, जमिनीखाली सुमारे ३६ मीटर. आमच्या गुडघ्यांचाही विचार व्हावा.
– फोंडा

---

वहिनी,

वेळ मी ठरवली आहे आणि विचारपूर्वक ठरवली आहे. सकाळ संग्रहालयाला दिली आहे. मागची सहलही मीच आखली होती, हे सर्वांना स्मरत असेलच. आबेसला लिफ्ट आहे. ती नको असेल तर बारा क्रमांकाच्याच मार्गावर अलीकडे पिगालला उतरून चालत चढावे.
– पर्वरी

---

पिगालकडून चढण आहे, हे पर्वरीकरांनी सांगितले नाही. पणजीत आल्तिनो चढताना ज्यांना दोनदा थांबावे लागते, त्यांनी आबेसलाच उतरावे आणि वास्तुकार गिमारने घडवलेले काचेच्या छताचे प्रवेशद्वारही पाहावे. मात्र लिफ्टवर फार विसंबू नये. मागच्या सहलीत हॉटेलच्या लिफ्टने काय केले, ते येथे पुन्हा लिहीत नाही.
– म्हापसा

---

अर्धा तास मुळीच पुरणार नाही. भिंतीवर ६१२ फरशा आहेत, प्रत्येक २१ गुणिले २९.७ सेंटिमीटरची, म्हणजे नेमकी ए-फोर कागदाएवढी. त्यांवर अडीचशे भाषांत ३११ वेळा प्रेमाची कबुली लिहिली आहे. फ्रेदेरिक बारों यांनी ही वाक्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वह्यांत उतरवून घेतली, क्लेर कितो यांनी त्यांची अक्षरे जुळवली आणि २००० साली भिंत उभी राहिली. निळ्या फरशांवर मध्येच लाल तुकडे दिसतात, ते भंगलेल्या हृदयाचे. मी प्रथम पाहिले तेव्हा कोणीतरी रंग सांडून ठेवला आहे असे वाटून पहारेकऱ्याकडे तक्रार करायला निघालो होतो.
– मडगाव

---

मडगावकर काकांनी भाषांचा विषय काढला म्हणून लिहिते. ‘प्रेम करतो’ की ‘प्रेम करते’, हे मराठीत आधी ठरवावे लागते. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ म्हटले तर तो प्रश्न मिटतो, पण ते वाक्य भाषणासारखे वाटते. कोकणीतला ‘मोग’ दोन अक्षरांत काम करतो.
– वास्को

---

वास्कोच्या ताईंनी व्याकरण स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवावे. वेळेचे काय झाले?
– म्हापसा

---

बरे. संग्रहालय दुपारी हलवतो, भिंत सकाळी, पाऊण तास. हा बदल वहिनींच्या पत्रामुळे केला, आल्तिनोच्या उपमेमुळे नव्हे. आबेसलाच उतरू. गोल जिन्याने वर येऊ इच्छिणाऱ्यांनी रविवारपर्यंत कळवावे; बाकीच्यांनी लिफ्टपाशी एकत्र राहावे. छायाचित्रासाठी प्रत्येक जोडप्याला दोन मिनिटे.
– पर्वरी

---

आभारी आहे. माझे नाव लिफ्टच्या यादीत घ्यावे. आमच्या यांचे जिन्याच्या; त्यांना अजून सांगितलेले नाही.
– फोंडा