थंड पाण्यातलं कयाकिंग: लाखाचा ड्रायसूट हवाच का?

उलटी_होडी:
कोलाडला कुंडलिकेवर शिकलेल्यांना थंडी हा विषयच माहीत नसतो. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं, सकाळी सोडलं की आपण उतरायचं, अंगात रॅशगार्ड आणि हाफ पँट, फार तर पावसात जरा दात वाजतात. मग हीच मंडळी डिसेंबरात ऋषिकेश गाठतात, पहिल्याच मोठ्या लाटेत उलटतात, डोक्याला झिणझिण्या येतात आणि इतके दिवस घोटवलेला रोल, म्हणजे उलटलेली होडी आत बसूनच सरळ करणं, गायब. परत आल्यावर ग्रुपवर सुरू, ड्रायसूट (पाणी आत येऊच न देणारा सूट) नसेल तर हिमालयात जाऊच नका म्हणे!

माझं मत उलट आहे. गंगेवर शिवपुरी-ब्यासी पट्ट्यात ग्रेड तीनपर्यंत, म्हणजे मध्यम अवघड पाण्यात, हौसेने होडी मारणाऱ्याला ड्रायसूटची गरज नाही. चांगल्या ब्रँडचा घ्यायचा तर हजार-दीड हजार डॉलर, वर कस्टम, म्हणजे लाखाच्या पुढेच. शिवाय त्याच्या पातळ कापडाला स्वतःची ऊब नसते, आत फ्लीस घालावीच लागते.

त्यापेक्षा तीन एमएमचा फार्मर जॉन घ्या, म्हणजे बिनबाह्यांचा निओप्रीन (बुडबुड्यांच्या स्पंजासारख्या रबराचा) सूट. खांदे मोकळे राहतात त्यामुळे पॅडल मारताना छाती आवळत नाही. आत पॉलिएस्टरचं थर्मल, वर स्प्लॅश जॅकेट, पाण्याचे फवारे अडवणारं. कॉटनची बनियन घालून येणाऱ्याला मी नदीत उतरूच देणार नाही, ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली सगळी ऊब ओढून घेते. मग निओप्रीनचे मोजे, हेल्मेटखाली पातळ टोपी आणि पोगीज. पोगीज म्हणजे पॅडलच्या दांड्यावर बसणारी पिशवी, हात आत घालून दांडा उघड्या हातानेच धरायचा, ग्लोव्ह्जमध्ये जातो तसा पकडीचा अंदाज जात नाही. सगळं मिळून ड्रायसूटच्या पाव किमतीतही होत नाही. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट यात धरलेलं नाही, तिथे काटकसर करणाऱ्याशी मला वादच घालायचा नाही.

बर्फाळ_बंड्या:
सॉरी पण असले सल्ले वाचून कुणाचा तरी जीव जाईल. थंडी वाजणं वेगळं आणि थंड पाण्यात पडणं वेगळं. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता साधारण पंचवीस पट वेगाने खेचतं. पहिला झटका श्वासाला बसतो, धाप लागते, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. कॅनडातले प्रोफेसर गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा 1-10-1 चा नियम आहे: श्वास ताब्यात यायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती 10 मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. म्हणजे गारठून मरायच्या कितीतरी आधी माणसाला वाचवायला फेकलेल्या थ्रो बॅगचा दोर धरता येत नाही. तुमच्या पाव किमतीच्या सेटमध्ये मान आणि मनगटातून पाणी आत येणारच. ड्रायसूटला तिथे लेटेक्सचे गॅस्केट, म्हणजे घट्ट बसणाऱ्या रबरी पट्ट्या, असतात, आतला माणूस कोरडा राहतो, बाकी सगळी जुळवाजुळव.

उलटी_होडी:
बंड्या, नियम बरोबर आहे पण तो बर्फाळ पाण्याचा आहे. गंगा हिवाळ्यात गार असते, गोठणबिंदूला टेकलेली नसते. आणि त्या पट्ट्यात बहुतेक रॅपिडखाली (खळाळत्या टप्प्याखाली) शांत पाणी आहे, राफ्टवाले असतात, मागे आपली टीम असते, माणूस फार वेळ पाण्यात राहत नाही. लडाखच्या झंस्कार नदीला दोन्ही बाजूंना कडे आणि दिवसेंदिवस आतच, तिथे तू ड्रायसूट म्हणालास तर मी मान डोलावेन. सरसकट सगळ्यांना लाखाची भीती घातलीस तर पोरं काय करतील? ड्रायसूट घेणार नाहीतच, टी-शर्टवरच उतरतील. तुझ्या सल्ल्याचा खरा परिणाम हा आहे.

मालवणी_मासो:
स्वस्तात हवं तर तारकर्लीच्या बाजूला पावसाळ्याआधी स्कुबावाल्यांकडे विचारून बघा, सीझन संपताना जुने सूट काढतात काही जण. फुल सूट मिळाला तर खांद्यातून बाह्या सरळ कापायच्या, झाला फार्मर जॉन. निओप्रीनचे धागे सुटत नाहीत, फक्त शिवण जिथे कापली जाईल तिथे निओप्रीनचा गोंद लावून टोक बंद करायचं नाहीतर तिथून उसवत जातं. आमच्यात दोघांनी असंच केलंय आणि दिसायला भिकार असलं तरी चाललंय.

बर्फाळ_बंड्या:
हे अजून एक. डायव्हिंगचा जुना सूट म्हणजे खोलवरच्या दाबाने आतले बुडबुडे चेपलेला सूट. जाडी तीन एमएम लिहिलेली, ऊब निम्मी. आणि वेटसूट, म्हणजे हाच निओप्रीनचा सूट, अंगाला घट्ट बसला तरच काम करतो, आत आलेलं थोडंसं पाणी तिथेच अडून गरम व्हायला हवं. दुसऱ्याच्या मापाचा ढगळ सूट घातला की प्रत्येक हालचालीला नवं गार पाणी आत.

मालवणी_मासो:
घट्ट बसायला हवा हे मान्यच आहे, म्हणून तर जागेवर जाऊन घालून बघा म्हणतोय. आणि बोटाने दाबून बघायचं, कडक लागला, परत फुगला नाही तर सोडून द्यायचा. नवीनच घ्या म्हणणं सोपं आहे रे, इथे कॉलेजची पोरं पण वाचतायत.

खडूस_काका:
एवढा अट्टहास कशाला मी म्हणतो. डिसेंबरात जाऊच नका, मार्च-एप्रिलला जा, ऊन असतं. आणि स्प्लॅश जॅकेट म्हणजे शेवटी रेनकोटच ना? घरातला रेनकोट घाला, मनगटाला रबरबँड लावा. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

उलटी_होडी:
काका, पहिल्या मुद्द्यावर अर्धा सहमत. पण वरचा बर्फ उन्हाळ्यात वितळतो, हिमाचलच्या ब्यास नदीला मे महिन्यात बाहेर घाम आणि पाणी मात्र हाडात शिरतं. गंगेच्या वरच्या अंगाला भागीरथीवर टिहरीचं धरण आहे, अशा मोठ्या धरणाच्या खोलातून सुटलेलं पाणी वरच्या उन्हाला फारसं भीक घालत नाही. म्हणून हवा बघून कपडे घालू नका, पाण्यात हात घालून बघा आणि मग ठरवा.

रेनकोटला मात्र सक्त नकार. टोपी पाण्याने भरते आणि प्रवाहात मान मागे खेचते. खालच्या पँटचं तर बोलूच नका, एकदा भरली की काठावर चढताना दोन्ही पायांत बादलीभर पाणी घेऊन चढताय.

रेनी_सिटी_सदाशिव:
मी सिएटलला असतो. इथे हिवाळ्यात नदीवर जवळपास सगळे ड्रायसूटमध्ये दिसतात, आणि इथल्या पाण्यासाठी मी बंड्याच्याच बाजूचा आहे. पण भारतासाठी घेणाऱ्यांनी पुढचा खर्चही धरावा. लेटेक्स गॅस्केट ऊन, सनस्क्रीन आणि तेलाने खराब होतात, काही वर्षांत बदलावेच लागतात. इथे दुकानात नेऊन देतो किंवा घरी बसून चिकटवतो, पुण्यात कुठे जाणार? सेकंडहँड सूट कुणाकरवी मागवणार असाल तर विकणाऱ्याकडून गॅस्केटचे आणि झिपचे जवळून फोटो घ्या, झिप गेली की सूट गेला.

मधला रस्ता कुणी काढलाच नाही अजून. ड्राय टॉप! फक्त वरचं जॅकेट, मान-मनगटाला लेटेक्स, खाली तुमचा तो फार्मर जॉन. ड्रायसूटपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि रोल मारत राहिलात तर वरचं अंग जवळजवळ कोरडं. होडीतून बाहेर पडून लांब पोहलात तर कमरेतून पाणी येतं, तेवढं आहे.

अजून एक, कानात इअरप्लग घाला. गार पाणी एका कानात शिरलं की चक्कर येते, वर कुठे खाली कुठे कळत नाही, बऱ्याच जणांचा रोल तिथेच जातो. वर्षानुवर्षं गार पाण्यात राहिलं तर कानाच्या नळीत हाड वाढतं, त्याला सर्फर्स इअर म्हणतात. या अख्ख्या धाग्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू असेल ती.

बर्फाळ_बंड्या:
ड्राय टॉपला माझी हरकत नाही. पण ज्याचा रोल पक्का नाही त्याने ड्राय टॉपच्या भरवशावर राहू नये, कारण पोहणार तोच जास्त.

उलटी_होडी:
ज्याचा रोल पक्का नाही त्याने डिसेंबरात कोलाडलाच थांबावं, सूट कुठलाही असो. यावर तरी भांडू नकोस.

गारठलेली_गार्गी:
सगळ्या दादा लोकांनी एक गोष्ट सोयीस्कर विसरलीय. फार्मर जॉन घालून नदीवर पाच तास, बायकांनी लघवीला कसं जायचं? स्प्रे डेक (कमरेभोवती बसून होडीचं तोंड झाकणारा पडदा) काढा, लाइफ जॅकेट काढा, जॅकेट काढा, मग ओला सूट पोटापर्यंत सोलून काढा, तोही वाऱ्यात. परत घालेपर्यंत कमावलेली सगळी ऊब गेली. मग बायका पाणीच पीत नाहीत, आणि मग अजून गारठतात. बाहेर बायकांच्या सूटला खास झिप असते, इथे मी तरी दुकानात पाहिलेली नाही, बरेचदा पुरुषांचा एस साइज पुढे करतात जो कमरेत अडतो आणि छातीत ढगळ. म्हणून मी वेगळी निओप्रीन पँट आणि वर निओप्रीनचं बिनबाह्यांचं जॅकेट अशी जोडी वापरते. कमरेपाशी थोडं पाणी येतं, येऊदे. बंड्या यावर लेक्चर देणार असशील तर आधी पाच तास न जाता राहून दाखव.

बर्फाळ_बंड्या:
नाही देत. पँटची कंबर वरपर्यंत येते का? तशी असेल तर बहिणीसाठी घ्यायचीय.

गारठलेली_गार्गी:
बरगड्यांपर्यंत येते. एक साइज लहान घे, पाण्यात सैल होते.