मदत हवी आहे: आईच्या पासपोर्टला सहा महिने भरत नाहीत, सिंगापूरची क्रूझ दीड महिन्यावर

नमस्कार मंडळी. जे दोन महिने आधी बघायला हवं होतं ते परवा बघितलं आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया लवकर सांगा.

आईबाबांच्या लग्नाला डिसेंबरात चाळीस वर्षं होतायत. त्यांना घेऊन सिंगापूरहून सुटणारी तीन रात्रींची क्रूझ बुक केली आहे. सिंगापूर, मलेशियातली पिनांग आणि पोर्ट क्लांग ही बंदरं आणि परत सिंगापूर. मुंबईहून विमान ९ डिसेंबरला रात्री, १० ला सकाळी तिथे पोचतो. जहाज १२ ला सुटतं, १५ ला सकाळी परत येतं. आई, बाबा, मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा असे चौघं आहोत. नवऱ्याला रजा मिळाली नाही. क्रूझचे, विमानाचे पैसे पूर्ण भरून झालेत. सिंगापूरचा व्हिसा अजून कुणाचाच केलेला नाही.

भाऊबीज उरकल्यावर व्हिसासाठी कागद काढायला बसले. आईचा पासपोर्ट कपाटात एलआयसीच्या पॉलिसींच्या पिशवीत होता. दहा वर्षांपूर्वी भाऊ मस्कतला असताना नातवाला बघायला जायचं म्हणून काढलेला. संपायची तारीख २८ मे. आधी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडर भिंतीवरून काढून मोजलं. जहाजावरून उतरतो त्या १५ डिसेंबरपासून २८ मेपर्यंत पाच महिने तेरा दिवस होतात. बाबांचा, माझा आणि मुलाचा पासपोर्ट पुढची दोन वर्षं आहे, ती चिंता नाही.

विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं. बुकिंग करून देणारे एजंट म्हणतात, "पाच महिने आहेत ना ताई, जहाजावर कोण बघतंय." क्रूझकडून आलेल्या मेलमध्ये मात्र प्रवास संपतो त्या दिवसापासून सहा महिने हवेत, नाहीतर चढू देणार नाही आणि पैसे परत नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. अमेरिकेतली मावसबहीण म्हणते क्रूझला पासपोर्ट लागतच नाही, तिचे मुलगे जन्मदाखल्यावर बहामाजला जाऊन आले. शेजारचे काका मुंबई-गोवा क्रूझ नुसत्या आधारकार्डावर करून आलेत.

नवीन पासपोर्ट करायचा झाला तर दीड महिन्यात पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही होईल का? की व्हिसाला आत्ता जुन्यावरच अर्ज टाकून ठेवू? दुसरी अडचण पत्त्याची. पासपोर्टवर आणि आधारवर कराडचा पत्ता आहे, पण दोन वर्षं आईबाबा आमच्याकडे पुण्यात राहतात. पोलीस चौकशी कुठे होणार? आईचं शिक्षण सातवी, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआरचा (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे काही देशांत जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) शिक्का आहे, आणि ईसीआरच्या देशांत मलेशियाचं नाव वाचलं. तिथे अडवतील का? शेवटचं मुलाचं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, त्याच्यावर वडिलांचं. वडील बरोबर नसताना काही पत्र लागतं का?

आई काल म्हणाली, "मी राहते घरी, तुम्ही जाऊन या." दोन साड्या आणि नवीन चपला तिने आधीच एका पिशवीत काढून ठेवल्यात. ती पिशवी मला बघवत नाही.

प्रतिसाद

ताई, आईंचा पासपोर्ट आजच रिइश्यूला (जुन्याच्या जागी नवीन काढायला) टाका. एजंटचं ऐकू नका. अडवणारे लोक जहाजावरचे नसतात, ते मुंबई विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर असतात. कागद अपुरे असलेला प्रवासी विमान कंपनीने नेला आणि तिकडून परत पाठवला, तर परत आणायची जबाबदारी त्यांच्यावर येते, दंडही होतो. म्हणून ते संगणकात नियम बघतात आणि सिंगापूरसाठी तिथे सहा महिने लिहिलेले असतात. पाच महिने तेरा दिवस म्हणजे सहा महिने नाहीत, तिथे घासाघीस चालत नाही.

व्हिसा जुन्या पासपोर्टवर अजिबात काढू नका. सिंगापूरचा व्हिसा पासपोर्टच्या नंबराला बांधलेला असतो आणि नवीन पासपोर्टचा नंबर वेगळा येतो. आधी पासपोर्ट, मग व्हिसा. आईंसाठी तत्काळ घ्या. ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये आणि तत्काळचे वर २०००, एकूण ३५००. ज्येष्ठांना दहा टक्के सूट मिळते ती पहिल्यांदा काढताना, रिइश्यूला नाही. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक अशा यादीतले तीन कागद मूळ प्रतींसह न्या. तत्काळमध्ये पोलीस चौकशी बहुतेक वेळा पासपोर्ट हातात आल्यावर होते, त्यामुळे तुमचे दिवस वाचतील. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून रिइश्यू करता येतो, म्हणजे "अजून सात महिने आहेत" असं कुणी म्हणालं तरी थांबू नका.

प्रतिसाद (सिंगापूरहून)

इथे दरवर्षी कुणा ना कुणाचे आईवडील क्रूझला येतात, म्हणून एक गोष्ट ठळक सांगते. जहाज सिंगापूर सोडतं तेव्हा तुम्ही देशाबाहेर जाता आणि १५ ला पुन्हा नव्याने प्रवेश करता. व्हिसा हातात आला की त्यावर "मल्टिपल जर्नी" लिहिलंय का ते चौघांचंही वाचा. एकदाच प्रवेशाचा असला तर जहाजावर चढतानाच अडचण येते.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या आधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं, विमानाने येताना एकदा आणि जहाजाने परत येताना पुन्हा. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. व्हिसाचा अर्ज ३० सिंगापूर डॉलरचा, तो अधिकृत एजंटमार्फत जातो. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ३५ बाय ४५ मिलिमीटर. आई पदर घेत असतील तर फोटोपुरता मागे घ्यायला सांगा, चेहरा पूर्ण दिसायला हवा.

मलेशियाला भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत तीस दिवसांसाठी व्हिसा लागत नाही. त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड वेगळं आहे, पिनांगला उतरायच्या आधी तीन दिवसांत तेही भरून ठेवा. जहाजावर चढताना पासपोर्ट जमा करून घेतात असंही होतं. म्हणून प्रत्येकाच्या पहिल्या-शेवटच्या पानाच्या आणि व्हिसाच्या झेरॉक्स बाबांच्या खिशात द्या, म्हणजे ते निर्धास्त राहतील.

आणि आई बरोबर अनारसे देणार असतील तर खसखस न लावता करायला सांगा. खसखशीला सिंगापुरात बंदी आहे. गंमत म्हणून सांगत नाही, सामान तपासताना खरंच त्रास होतो.

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

तुमच्या मावसबहिणीचं चुकलेलं नाही, पण ते तिच्या मुलांपुरतं खरं आहे. अमेरिकेच्या बंदरातून निघून त्याच बंदरात परत येणाऱ्या क्रूझवर अमेरिकन नागरिकांना जन्मदाखल्यावर जाता येतं, आणि मुलं तिथली नागरिक. तिच्याच घरात एखादा भारतीय पासपोर्टवाला असेल तर त्याला पासपोर्ट आणि अमेरिकेत परत शिरायला चालेल असा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड लागतंच. शेजारच्या काकांची क्रूझ देशातल्या देशात होती. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची करणाऱ्यांना भारतीय म्हणून पासपोर्ट लागत नाही. चेन्नईहून श्रीलंकेला जाणारी घेतली असती तर लागला असता. कुणाचा पासपोर्ट आणि कुठलं बंदर, एवढ्यावर सगळं ठरतं. युरोपात आणखी वेगळं आहे: शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडायच्या दिवसापासून तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद. एवढं समजावून कुणी सांगितलंच नव्हतं. तत्काळचा फॉर्म भरायला घेतलाय पण पत्त्यावर अडकले. बाबा म्हणतात कराडचाच टाकू, तिथे सगळे ओळखीचे आहेत, काम लवकर होईल.

प्रतिसाद

ते करू नका. आता देशात कुठूनही अर्ज करता येतो, पण पोलीस चौकशी फॉर्ममधल्या पत्त्यावर होते. आई पुण्यात आणि पत्ता कराडचा, तर पोलीस ठाण्यातून माणूस येईल तेव्हा घराला कुलूप. मग अहवालात "पत्त्यावर राहत नाही" असं जातं आणि ते निस्तरायला महिने लागतात. जिथे राहतात तिथलाच पत्ता द्या.

पुण्याच्या पत्त्याचं फोटो असलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक आहे का? असेल तर ते पत्त्याच्या पुराव्याला चालतं. आधारचा पत्ताही बदलायला टाका, पण त्याच्यावर विसंबून थांबू नका. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची सोय आहे. तुम्ही स्वतः प्रमुख होऊ शकता आणि नात्याचा पुरावा म्हणून तुमचाच पासपोर्ट लावा, त्याच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असतं.

हेच पान मुलाच्या बाबतीतही कामाचं आहे. त्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव म्हणून तुमचं नाव असेल. ते तुमच्या पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळतंय का बघा. जुळत असेल तर आडनाव वेगळं असल्याची काळजी नको. तरीही नवऱ्याकडून इंग्रजीत साधं संमतीपत्र घ्या, नोटरी करा. प्रवासाच्या तारखा, जहाजाचं नाव, त्यांचा फोन नंबर आणि पासपोर्टची झेरॉक्स त्याला जोडा. क्रूझवाले एकट्या पालकाबरोबर मूल असलं की विचारतात. बाबांची गोळ्यांची चिठ्ठी असेल तर तीही याच फाइलमध्ये ठेवा.

प्रतिसाद

ईसीआरचं सांगतो. हे बंधन परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. कमी शिकलेल्या माणसाला तिथे कुणी फसवू नये म्हणून सरकारने अठरा देशांची यादी केलीय, त्यात मलेशिया आहे, ओमानही आहे. तुमच्या आई मस्कतला जाऊन आल्याच ना? फिरायला जाणाऱ्याला ही तपासणी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, लागत नाही, परतीचं तिकीट जवळ असलं की झालं.

आईंचं वय काय? पन्नाशी ओलांडली असेल तर शिक्षण कितीही असो, त्या नॉन-ईसीआरमध्ये बसतात. फॉर्ममध्ये तो रकाना विसरू नका. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही विसरलो होतो आणि शिक्का पुन्हा दहा वर्षांसाठी आला.

धागाकर्ती

आई अठ्ठावन्न वर्षांची आहे. तो पासपोर्ट काढला तेव्हा अठ्ठेचाळीसची होती, म्हणून शिक्का आला. आता कळलं.

धागाकर्ती (दोन आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं होतं म्हणून लिहितेय. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तत्काळची तारीख मिळाली. पत्त्याला पासबुक चाललं. ए काउंटरवर आईचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भाकरी थापून आणि भांडी घासून अंगठ्याच्या रेघा पुसट झाल्यात. तिथल्या मुलीने ओला रुमाल दिला, "आजी, घाई नाही, हात पुसा आणि परत ठेवा," म्हणाली. चौथ्या वेळी उमटले. बी काउंटरवर वयाचा पुरावा बघून नॉन-ईसीआर केलं. सी वर दोनच प्रश्न विचारले, कुठे जाणार आणि कुणाबरोबर. आईने "जहाजातनं, लेकीबरोबर" असं सांगितलं.

आईला काळजी होती ती जुन्या पासपोर्टची, त्यात मस्कतचे शिक्के आहेत. कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून तो तिथल्या तिथे परत दिला. आता तो पुन्हा एलआयसीच्या पिशवीत गेलाय.

चार दिवसांनी स्पीड पोस्टाने नवीन आला. सही करून आईनेच घेतला. पोलीस ठाण्यातून नंतर फोन आला, मूळ कागद घेऊन गेलो, अर्ध्या तासात झालं. चौघांच्या व्हिसाचे अर्ज एकत्रच दिले आणि काल चारही आले. "मल्टिपल जर्नी" चारही कागदांवर बोट ठेवून वाचलं. नवऱ्याचं संमतीपत्रही नोटरी झालं.

एक शेवटचं विचारते. क्रूझच्या वेब चेक-इनमध्ये आईचा नवीन नंबर आणि मुदत बदलली. विमानाच्या तिकिटातही जुनाच नंबर आहे, तो बदलावा लागेल का?

प्रतिसाद

हो, विमान कंपनीच्या साइटवर बुकिंग उघडून प्रवाशाच्या माहितीत बदला, पैसे लागत नाहीत. बदलताना तिकिटावरचं नाव नवीन पासपोर्टशी ताडून बघा. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र येतं, आणि तिकीट काढताना बरेच जण नवऱ्याचं नाव गाळतात. तसं झालं असेल तर आत्ताच फोन करून दुरुस्त करून घ्या.

धागाकर्ती

बघितलं. बाबांचं नाव गळलं होतं. फोन केला, अर्धा तास लागला, दुरुस्त झालं. नवीन तिकिटाची प्रिंट आईनेच फाइलमध्ये लावली. अनारसे बिनखसखशीचे करायचं तिने कबूल केलंय.