सिएनामध्ये दोन रात्री: आईच्या गुडघ्यांना झेपेल असे नियोजन कसे करावे?

नौपाडेकर
नमस्कार. गणपती उरकल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस मी, माझे यजमान आणि माझी आई असे तिघे ठाण्याहून इटलीला जात आहोत. आधी रोम आणि शेवटी फ्लोरेन्स येथील आरक्षण झाले आहे. मधल्या दोन रात्री मात्र मोकळ्या आहेत आणि त्या तोस्कानातील एखाद्या जुन्या गावात घालवाव्यात असा विचार आहे. यजमानांना भाड्याची गाडी घेऊन सिएना, सान जिमिन्यानो, लुक्का आणि जमल्यास पिसा, असे सगळेच पदरात पाडून घ्यायचे आहे. आई रोज सकाळी तलावपाळीला फेरी मारते, त्यामुळे सपाटीवर चालण्याची काळजी नाही, पण चढ आणि जिने आले की तिचे गुडघे बोलू लागतात. शिवाय ती शाकाहारी असून अंडेही खात नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेरूळचा भटक्या
ताई, यजमानांचा बेत नकाशावर बसतो, पण आईंच्या पायांना बसणार नाही. दोन रात्री म्हणजे हाती जेमतेम दीड दिवस, आणि त्यात चार गावे घातली तर निम्मा वेळ बॅगा ओढण्यात जाईल. सिएना रोम-फ्लोरेन्सच्या वाटेवरच आहे, तर लुक्का आणि पिसा फ्लोरेन्सच्याही पलीकडे, पश्चिमेला. तेव्हा दोन्ही रात्री सिएनालाच द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुक्कामाचा आग्रह धरण्याचे कारण असे की, दिवसा फ्लोरेन्सहून बसगाड्या भरभरून माणसे येतात आणि संध्याकाळी परततात. पियात्सा देल काम्पो हा मुख्य चौक खऱ्या अर्थाने पाहायला मिळतो तो त्यानंतरच. विटांचा हा चौक सुपासारखा एका बाजूला उतरत जातो आणि फिकट दगडाच्या पट्ट्यांनी त्याचे नऊ भाग पाडलेले आहेत, कारण १२८७ ते १३५५ या काळात शहराचा कारभार नऊ जणांचे मंडळ पाहत असे. लोक सरळ विटांवर बैठक मारतात. आईंना खाली बसणे अवघड असेल तर कडेच्या कॅफेत बसावे, मात्र तेथे बसून घेतलेली कॉफी उभ्याने घेतलेल्या कॉफीपेक्षा महाग पडते, हे गृहीत धरावे. २ जुलै आणि १६ ऑगस्टच्या पालिओ या घोड्यांच्या शर्यती तोवर होऊन गेलेल्या असतील, आणि गर्दी पाहता ते बरेच आहे.

चौकातल्याच पालात्सो पुब्लिको या नगरभवनाच्या एका दालनात आंब्रोजिओ लोरेन्त्सेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. एका भिंतीवर चांगल्या राज्यकारभाराचे फळ दाखवले आहे: फेर धरून नाचणारी मंडळी, उघडी दुकाने, इमारतीवर काम करणारे गवंडी, माल लादलेली जनावरे, आणि समोर जुलमी राजवटीत उजाड झालेले शहर. ज्या नऊ जणांनी हे काम सांगितले, ते याच दालनात बसून निर्णय घेत असत, ही गोष्ट मला चित्रांइतकीच मोलाची वाटते. तेथे दुरुस्तीचे काम चालत आले आहे, म्हणून दालन खुले आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. शेजारच्या मांज्या मनोऱ्याला सुमारे ४०० अरुंद पायऱ्या आहेत. तेथे यजमानांनाच पाठवावे.

कॅथेड्रलच्या बाबतीत तुमच्या तारखा उत्तम आहेत. तेथील संगमरवरी फरशीवर जडावकामाची ५६ चित्रे आहेत आणि त्यांतील बरीचशी वर्षातला मोठा काळ झाकून ठेवलेली असतात. साधारणपणे उन्हाळ्याच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत ती उघडी असतात. नेमक्या तारखा कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर पाहून मगच तिकीट काढावे, आणि खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. बाहेर पडल्यावर बाजूची एकटी उभी असलेली प्रचंड भिंत जरूर पाहा. कॅथेड्रल आणखी खूप मोठे करण्याचे काम १३३९ मध्ये हाती घेतले गेले, पण १३४८ च्या प्लेगने शहर उद्ध्वस्त केले आणि ते अर्धवट राहिले ते कायमचेच.

कळव्याहून
वरील सल्ला चांगला असला तरी सिएना हे टेकड्यांवरचे गाव आहे, हे त्यात पुरेसे आलेले नाही. आईंची सोय प्रथम पाहायची असेल तर मी लुक्का निवडेन. सपाट गाव, तटबंदीला लागूनच रेल्वे स्थानक, आणि तटावरून झाडांच्या सावलीत सुमारे चार किलोमीटरची फेरी. ज्यांना रोज तलावाभोवती फिरण्याची सवय आहे, त्यांना आणखी काय हवे? फ्लोरेन्सहून थेट रेल्वेने साधारण दीड तासात पोहोचता येते.

नेरूळचा भटक्या
आक्षेप रास्त आहे. पण लुक्का फ्लोरेन्सहून एका दिवसात आरामात होते, म्हणून ते तिकडच्या मुक्कामात बसवावे. सिएनामध्ये हॉटेल काम्पोच्या जवळपास घेतले आणि दुपारी खोलीवर विश्रांती ठेवली, तर चढ बरेच वाचतात. रेल्वे स्थानक मात्र खाली आहे आणि तेथून सरकत्या जिन्यांची मालिका चढावी लागते. त्यापेक्षा रोमच्या तिबुर्तिना येथून सुटणारी बस घ्यावी, ती सुमारे तीन तासांत पोहोचवते आणि वाटेत गाडी बदलावी लागत नाही.

नौपाडेकर
दोघांचेही आभार. लुक्का फ्लोरेन्सहून करायचे, हे घरी मान्य झाले आहे. यजमान अजून गाडीवर अडून आहेत, आणि आईच्या जेवणाचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

खारघरची मीनल
गाडीचा मोह सोडलेला बरा. सिएनाच्या जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना मर्यादित प्रवेश आहे, वेशीवर कॅमेरे आहेत, आणि नकळत आत शिरल्यास दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीमार्फत कित्येक महिन्यांनी घरी येते. आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही आरटीओतून काढावा लागेल तो वेगळाच.

जेवणात पीची हा जाडसर हातवळणीचा पास्ता पारंपरिक पद्धतीने केवळ पीठ आणि पाण्याचा असतो. टोमॅटो-लसणाच्या रश्शातला ‘पीची अल्लाल्योने’ आईंना आवडावा. तरी अंडे नाही ना, हे वाढणाऱ्याला विचारावेच. पाव, घेवडा आणि पालेभाजीचे रिबोल्लीता सूप घेताना ते मांसाच्या अर्कात शिजवलेले नाही ना, याची खात्री करून घ्यावी. गोडात सुकामेवा, मध आणि मसाल्यांचा पानफोर्ते चालेल. रिचारेल्ली या बदामाच्या बिस्किटांत मात्र अंड्याचा पांढरा भाग असतो, ती टाळावीत.